खोली किती?

मराठीच्या प्राध्यापकाला आयुष्यात नाना प्रकारचे लेखन करावे लागते. शोधनिबंध, प्रस्तावना, सत्काराची मानपत्रे, क्वचित एखादा मृत्युलेखही. परंतु ‘विषय : निवासी भूखंडावर खासगी जलतरण तलाव बांधण्यास परवानगी मिळणेबाबत’ अशा शीर्षकाचे लेखन आमच्या हातून होईल असे आम्हांला कधी वाटले नव्हते. आम्ही दोघेही मराठी शिकवतो, एक उल्हासनगरला आणि दुसरी बदलापूरला. राहतो या दोहोंच्या मध्ये, अंबरनाथला, शिवमंदिराच्या वाटेवर. घरी तरणतलाव बांधणारी माणसे हिंदी चित्रपटांत असतात, हीच आमची समजूत होती. तेव्हा आधी कारण सांगितले पाहिजे.

२०२२ च्या पावसाळ्यात आबांना पक्षाघाताचा झटका आला. आबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत अडतीस वर्षे नोकरी केलेला, सकाळी साडेपाचला उठून फिरून येणारा माणूस दोन महिने खाटेला खिळला. पुढे वाचा परतली, हात बराचसा परतला, उजवा पाय मात्र मागे राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितले, की कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या पाण्यात चालण्याचा सराव झाला तर लाभ होईल. पाण्यात देहाचा भार हलका होतो, पडण्याची भीती जाते, आणि पायाला आपले जुने काम आठवते. आम्ही दोनदा त्यांना रिक्षात घालून एका तरणतलावावर नेले. तेथे पाण्यात उतरण्याची सोय म्हणजे भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी. आबांनी शिडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “चला घरी.”

घरामागे मोकळी जागा होती. १९८६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून आबांनी घेतलेला हा भूखंड. तेथे पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद आणि चार फूट खोल असा हौद, एका बाजूने बुटक्या पायऱ्या, दोन्ही हातांना धरायला गज, इतकेच आमच्या मनात होते. ठेकेदार म्हणाला, “परवानगी कशाला काढता सर? पाण्याची टाकी म्हणून खणून टाकू. कोण बघतंय?” त्याचे म्हणणे आमच्या परिसराच्या रूढीला धरूनच होते. शेजारच्या उल्हासनगरात विनापरवाना बांधकामे इतकी झाली, की ती नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. पण आमच्या घरापासून शिवमंदिर हाकेच्या अंतरावर, आणि वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या सहली नेऊन ‘हा वारसा आपणच जपला पाहिजे’ असे सांगणारे आम्हीच. तेव्हा रीतसर परवानगी काढायची असे ठरले. त्यात सचोटीपेक्षा लाज अधिक होती, हेही कबूल केले पाहिजे.

हे मंदिर राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित. प्रतिषिद्ध भागात नवे बांधकाम नाहीच. विनियमित भागात ते परवानगीने करता येते. आमचे अंतर भरले १६० मीटरांच्या आसपास. म्हणजे नगरपरिषदेकडे नकाशा मंजूर करून घेण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. त्याने तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे धाडायचा. प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपली शिफारस कळवायची. आणि ती आल्यावर महिन्याभरात होकार वा नकार. कायद्याच्या हिशेबाने सारे चार महिन्यांत संपते. आमचे वर्षाहून अधिक चालले, आणि त्यातला मोठा वाटा आमच्याच चुकांचा होता. मिळकतपत्रिकेवरचा क्रमांक एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळा पडला. नकाशात हौदाचा माथा दाखवला, छेद दाखवलाच नाही. जमीन खणायची आणि छेद नाही! व्याकरणात संधिविग्रह शिकवणाऱ्यांना हे शोभणारे नव्हते.

या काळात आम्हांला कागदांच्या भाषेचा मात्र लळा लागला. ‘अर्ज’, ‘मंजूर’, ‘दाखला’, ‘नकाशा’, ‘परवानगी’ हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, शेकडो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. पण दाराशी ताटकळणाऱ्या माणसाचे शब्द काही बदलले नाहीत. ‘मंजूर’ या शब्दाच्या मुळाशी ‘नजर’ आहे. ज्यावर नजर पडली ते मंजूर. फायली जेथे पडून असतात तेथे हा अर्थ फार खरा वाटतो. ‘हरकत’ म्हणजे मूळ अरबीत हालचाल. गवय्याच्या गळ्यातली हरकत त्या अर्थाच्या जवळची. आपल्याकडे कार्यालयात मात्र हरकत आली की हालचाल थांबते. आणि खणलेली माती भूखंडाबाहेर नेल्यास जे भरावे लागते त्याला ‘स्वामित्वधन’ म्हणतात, हे कळले त्या दिवशी आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. आपल्या अंगणातल्या मातीचा स्वामी आपण नव्हे, हे संतवाङ्मय शिकवताना आम्ही शेकडो वेळा म्हटले होते. त्याचा दर असतो हे ठाऊक नव्हते.

एका कार्यालयात खिडकीपलीकडच्या तरुण लिपिकाने विचारले, “खोली किती?” आम्ही तत्परतेने सांगितले, “पाच. स्वयंपाकघर धरून.” तो क्षणभर थांबला आणि सौम्यपणे म्हणाला, “घराची नाही हो मॅडम. तलावाची.” मराठीच्या दोन प्राध्यापकांना मराठीतला एक साधा द्व्यर्थी शब्द कळला नाही, हे त्याने कुणाला सांगितले नसावे अशी आशा आहे. पण तो प्रश्न आमच्यासोबत घरी आला. प्रत्येक कागदावर तो होता: खोदकामाची खोली किती? जमिनीखाली किती जाणार? स्मारकाजवळच्या जमिनीत काय दडले असेल ते खणण्याआधी कुणालाच ठाऊक नसते, म्हणून हा प्रश्न. तो रास्तच आहे. आमच्या गावात तर अधिकच, कारण येथला देवच जमिनीखाली आहे.

ज्यांनी शिवमंदिर पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या दगडाचे, भूमिज शैलीचे हे देऊळ शिलाहारांच्या काळचे. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर शिलालेख आहे. त्यातला शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०. राजा मम्वाणी. बाहेरच्या भिंतींवर इतके कोरीवकाम की नजर ठरत नाही. पण सभामंडपातून गाभाऱ्याकडे वळले की विसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. वर शिखर पुरते मिटलेले नाही. खाली उभे राहून मान वर केली की आभाळाचा तुकडा दिसतो. बहुतेक देवळांत माणूस देवाकडे चढतो, येथे उतरतो. आबा दर महाशिवरात्रीला पहाटे, जत्रेची गर्दी उसळण्यापूर्वी, या पायऱ्या उतरत. आजारानंतर मात्र त्यांचे जाणे थांबले.

तो शिलालेख आम्ही पूर्वी भाषेचा नमुना म्हणून वाचला होता. या खेपेस अर्जदार म्हणून वाचला, तेव्हा त्यातली एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरली. राजाच्या नावामागोमाग त्याच्या अधिकाऱ्यांची नावे क्रमाने येतात. देऊळ उभे राहिले, पण त्याच्या माथ्यावर कार्यालयाची नामावळ आहेच. साडेनऊशे वर्षांत पाथरवटांपैकी एकाचेही नाव उरले नाही, महामात्यांचे उरले. असो.

कायद्याचा मूळ मसुदा वाचायची खोड आम्हांला याच काळात लागली, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. २०१० च्या दुरुस्तीत ‘बांधकाम’ म्हणजे काय याची व्याख्या आहे. तीत काय काय येते ते सांगून झाल्यावर काय येत नाही ते सांगितले आहे. जुन्या वास्तूची दुरुस्ती येत नाही. गटारे आणि सार्वजनिक शौचालये येत नाहीत. आणि लोकांना पाणी पुरवण्यासाठी केलेली कामेही येत नाहीत. आम्ही ते वाक्य पुन्हा वाचले. म्हणजे १६० मीटरांवर जमिनीत एक खड्डा खणून त्यात पाणी भरायचे असेल, तर ते ‘बांधकाम’ आहे की नाही हे खड्ड्याच्या खोलीवर ठरत नाही. ते पाणी कुणासाठी आहे यावर ठरते.

कायद्याच्या कोरड्या भाषेत ही जुनीच गोष्ट आहे. विहीर, बारव, पुष्करिणी, पाणपोई यांचे पुण्य आपल्याकडे सांगितले गेले ते दुसऱ्याची तहान भागते म्हणून. पण ‘लोक’ या शब्दात कोण येते आणि कोण येत नाही, हे त्या पुण्याच्या हिशेबात कधी लिहिलेले नसे. ते गृहीत असे. पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणले आणि हौद भरले, पण ते पाणी शहरातल्या प्रत्येक माणसाचे नव्हते. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो सार्वजनिक नव्हता, खासगी होता, निवासी होता. म्हणजे आमच्या अर्जाच्या भाषेत बसणाराच. त्यासाठी त्यांना कुठल्या कचेरीत जावे लागले नाही. ज्या परवानगीची गरज होती ती समाजाची, आणि ती त्यांनी मागितली नाही.

महाडला तर परवानगी कागदावर होतीच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला, पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा दंगल झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. त्यानंतर जो दावा चालला त्यात विरोधकांचे म्हणणे काय होते? हे तळे सार्वजनिक नाहीच, खासगी आहे. एवढ्या एका शब्दावर दहा वर्षे खटला चालला. १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकाली काढला. दलित साहित्याच्या तासाला आम्ही हा इतिहास शिकवतो. पण ‘खासगी’ हा शब्द आपल्याच अर्जाच्या विषयात आपल्याच अक्षरात लिहिलेला पाहिला, तेव्हा तो शिकवताना वाटतो तितका निरुपद्रवी वाटला नाही. ज्या घरात आम्ही दोघे जन्मलो, त्या घरांना पाण्यासाठी अशी परवानगी कधी मागावी लागली नव्हती. आम्ही पहिल्यांदा मागत होतो ती वालधुनीपासून काही पावलांवर, अंगणातल्या हौदासाठी.

वालधुनी म्हणजे मंदिराच्या कुशीतून वाहणारी नदी. आबा १९५४ मध्ये दहा वर्षांचे असताना अंबरनाथला आले ते आजोबांना निर्माणीत काम लागले म्हणून. पोहायला ते या नदीत शिकले. पावसाळ्याअखेर डोहात पाणी साठे. कमरेला रिकामा डबा बांधून मुले उड्या टाकीत. शिकवायला कोणी नसे, शुल्क नसे, वेळ नसे. ही आठवण त्यांच्या तोंडून आम्ही इतकदा ऐकली होती, की ती आम्हांला पूर्ण ठाऊक आहे असे वाटे. अर्जाच्या त्या वर्षात एकदा आम्ही सहज विचारले, “आबा, सगळीच मुलं एकत्र पोहायची?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आम्ही देवळाच्या अंगाला. ती मुलं खाली, वळणापलीकडं. आमचं पाणी वाहून त्यांच्याकडं जायचं.” आणि थोड्या वेळाने, “तेव्हा काही वाटलं नाही. काही वाटलं नाही, हेच आता आठवतं.”

आज त्या नदीत कोणीच उतरत नाही. त्या अर्थाने समता आली आहे. कारखान्यांचे आणि घरांचे सांडपाणी तिच्यात मिसळत गेले. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरजवळ तिच्या पात्रात रसायन सोडले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो माणसे रुग्णालयात दाखल झाली. ‘वनशक्ती’ने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता, २०१५ मध्ये लवादाने स्थानिक संस्थांना जबर दंड ठोठावला. रात्री टँकर रिकामा करणाऱ्याने खोली सांगितली नव्हती, छेद काढला नव्हता. परवानगीची आमची फाईल हळूहळू बोटभर जाड होत होती. नदी मारण्याची फाईल कुठेच नव्हती. ही तुलना करून आम्ही काही दिवस स्वतःवर खूष होतो. आपण निदान विचारतो तरी आहोत, असे वाटे.

ते समाधान फार टिकले नाही, कारण एका रविवारी आम्ही हौदाचा गुणाकार केला. पंधरा गुणिले दहा गुणिले चार, म्हणजे ६०० घनफूट. जवळपास १७,००० लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका पायाला चालायला शिकवण्यासाठी सव्वाशे माणसांचे एका दिवसाचे पाणी. ते गाळून पुनःपुन्हा वापरता येते, हे खरे. पण प्रथम भरायचे कुठून? आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ किती वेळ चालतो हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला मिनिटामिनिटाने पाठ आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सकाळी घरचे पाणी भरून मगच येतात, आणि उशीर झाला तर आम्ही घड्याळाकडे पाहतो. हौद टँकरने भरताना त्या कुठे उभ्या असतील, याचा विचार आमच्या पाच खोल्यांच्या घरात वर्षभरात कोणी केला नव्हता.

२०२४ च्या उन्हाळ्यात पत्र आले. अटींसह होकार: खोदकाम दाखवल्याहून खोल नको, खणताना काही पुरातन अवशेष आढळले तर काम तत्काळ थांबवून कळवावे, वगैरे. आम्ही पत्र घेऊन आबांच्या खोलीत गेलो. खरे सांगायचे तर थोड्या विजयाने गेलो.

“आबा, परवानगी आली.”

“कसली?”

“हौदाची. तुमच्या.”

त्यांनी चष्मा मागितला आणि पत्र सावकाश वाचले. अटीसुद्धा वाचल्या. मग घडी घालून परत दिले आणि म्हणाले, “किती जणांना विचारलंत रे हे?”

आम्ही मोजून सांगितले. वास्तुविशारद, मोजणीदार, तीन कार्यालये, एक वकील, ठेकेदार धरून अकरा माणसे.

“मला नाही विचारलंत,” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “मला पाण्यात उतरायचं नव्हतं. देवळात उतरायचं होतं.”

यावर काय बोलावे ते आम्हां दोघांनाही सुचले नाही. त्यांचे म्हणणे आम्हांला ठाऊक नव्हते असेही नाही. पण ‘त्यांच्यासाठी’ म्हणताना आम्ही त्यांच्या पायाचा विचार केला होता, चार फूट खोलीचा केला होता, उतरत्या गजांचा केला होता. पाण्याने पाय सुधारला असता हे बाईंचे म्हणणे आजही आम्हांला पटते. केवळ, ते आम्ही ज्याचा पाय त्याच्याशी बोललो नाही. सर्व कागदांवर खोली विचारलेली होती, अंतर विचारलेले होते, मालकी विचारलेली होती. ‘प्रयोजन’ असा एक रकाना होता. तेथे आम्ही ‘निवासी’ असे लिहून पुढे गेलो होतो. कुणासाठी, हा प्रश्न कार्यालयांनी विचारला नाही अशी आमची मनात तक्रार होती. तो विचारणे त्यांचे काम नव्हते. आमचे होते.

हौद आम्ही खणलेला नाही. पत्र फायलीत आहे आणि त्याची मुदत चालली आहे. त्या उन्हाळ्यात आमची मुलगी आणि मावशी या दोघींनी मिळून आबांना घराच्या तीन पायऱ्यांवर रोज संध्याकाळी चढ-उतार करायला लावले; एक पुढे उभी, एक मागे. पाऊस सुरू झाल्यावर एका साध्या मंगळवारी, गर्दी नसताना, आम्ही त्यांना मंदिरात घेऊन गेलो. सभामंडपात ते बराच वेळ बसून राहिले. मग एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने आमचा खांदा धरून गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरू लागले. चौथ्या पायरीवर थांबले. दगड ओले होते, वरून पावसाचे बारीक थेंब खाली पिंडीवर पडत होते.

“अजून किती आहेत?” त्यांनी विचारले.

“सोळा असतील.”

“राहू दे आज,” ते म्हणाले, आणि आम्ही त्यांना वळवून वर आणले.